हस्तसंकेतांतील गीत : ठाणे-कल्याण पट्ट्यातील एका अलिखित कलेविषयी

कर्णबधिर मुलेमुली एखादे लोकप्रिय चित्रगीत हातांच्या खुणांनी ‘म्हणत’ आहेत आणि त्याच वेळी त्यावर नृत्यही करीत आहेत, हे दृश्य ठाणे, कल्याण व डोंबिवली या पट्ट्यातील स्नेहसंमेलनांना आता अपरिचित राहिलेले नाही. तथापि या कलेचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकास पहिली अडचण येते ती साधनांची. कार्यक्रमपत्रिकेत गाण्याचे नाव असते, क्वचित नृत्य बसविणाऱ्या शिक्षिकेचेही असते. परंतु मुळातील शब्द खुणांच्या भाषेत कोणी उतरविले, याचा उल्लेख सहसा आढळत नाही. कवितेचे भाषांतर छापताना भाषांतरकाराचे नाव गाळणे आपण गैर मानतो. येथे मात्र भाषांतर झाले आहे याचीच जाणीव नसते. ही जाणीव का नाही, हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या कलेचे मूळ भरताच्या हस्ताभिनयात शोधण्याचा मोह आपल्याकडे स्वाभाविकपणे होतो. नाट्यशास्त्रात चोवीस असंयुत व तेरा संयुत हस्त सांगितले आहेत. अभिनयदर्पणात असंयुत हस्तांची संख्या अठ्ठावीस आहे. पण हे साम्य वरवरचे आहे. अभिनयदर्पणातील एकच पताक हस्त मेघ, वन, रात्र, नदी अशा अनेक अर्थांनी योजता येतो, कारण त्यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे शेजारी बसलेला गायक प्रेक्षकांच्या कानांवर घालीतच असतो. बैठकीच्या लावणीतील अदाकारीही याच जातीची. यमुनाबाई वाईकर यांच्यासारखी कलावती एकच ओळ पुन्हापुन्हा गाऊन दर वेळी हातांनी व नजरेने तिचा निराळा पदर उलगडी, तेव्हा ओळ श्रोत्यांपर्यंत आधीच पोहोचलेली असे. हात शब्दाला सजवीत, शब्दाची जागा घेत नसत. कर्णबधिर कलावंताच्या हातांवर मात्र शब्दाचाच भार असतो. त्याच्यासमोर बसलेल्या कर्णबधिर प्रेक्षकाला दुसरा कोणताच शब्द मिळत नाही.

हा भेद लक्षात न येण्यास एक ऐतिहासिक कारण आहे. सप्टेंबर १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या कर्णबधिर-शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने खुणांना वर्गातून हद्दपार करून केवळ मौखिक पद्धतीने, म्हणजे ओठ वाचून व उच्चार घटवून, शिकवावे असा ठराव प्रचंड बहुमताने संमत केला. मुंबईत देशातील पहिली कर्णबधिरांची शाळा निघाली ती १८८५ च्या सुमारास, म्हणजे या ठरावाचा प्रभाव ऐन भरात असताना. त्यानंतरच्या पाऊण-एक शतकात महाराष्ट्रातील बहुतेक शाळांचे धोरण बोलणे शिकविण्याचेच राहिले. त्यामागील हेतू वाईट होता असे नव्हे. मुलाच्या तोंडून ‘आई’ हा शब्द ऐकावा ही पालकांची इच्छा कोण नाकारील? परंतु परिणाम असा झाला की खुणांची भाषा वर्गाबाहेर, वसतिगृहात आणि मैदानावर वाढली, आणि शिक्षकांच्या दृष्टीने ती भाषा न राहता एक मोडण्याजोगी सवय ठरली. मिलानच्या ठरावांबद्दल याच आंतरराष्ट्रीय परिषदेने खेद व्यक्त केला तो २०१० साली, व्हँकूवर येथे.

शाळेतील नृत्य या धोरणाशी सुसंगतच होते. ते बसविण्याची परिचित रीत अशी की शिक्षिका रंगमंचासमोर प्रेक्षकांकडे पाठ करून बसते, मात्रा बोटांनी मोजते आणि मुले तिच्याकडे पाहून पावले टाकतात. ध्वनिमुद्रिका वाजते ती ऐकू येणाऱ्यांसाठी. १९३५ पासून आपल्या चित्रपटांत पार्श्वगायन रूढ झाले व नटाचे ओठ दुसऱ्याच्या आवाजावर हलू लागले. येथे त्याच न्यायाने मुलांचे सर्व शरीर दुसऱ्याच्या कानावर हलत असे. या नृत्यात शिस्त होती, सौंदर्यही होते, पण गीत नव्हते.

मग हे गीत आले कोठून? आमच्या मते त्याचा शोध रंगमंचावर न घेता आगगाडीत घ्यावा लागेल. १८५३ साली ठाण्यापर्यंत आणि १८५४ साली कल्याणपर्यंत पोहोचलेल्या लोहमार्गाने या पट्ट्याला वस्ती दिली, हे सर्वश्रुत आहे. त्याच मार्गाने एका भाषेलाही घर दिले, हे तितकेसे ठाऊक नाही. अ‍ॅनलीस कुस्टर्स या स्वतः कर्णबधिर असलेल्या संशोधिकेने २००९ मधील आपल्या निबंधात मुंबईच्या उपनगरी गाड्यांतील अपंगांच्या डब्यांचे वर्णन केले आहे. ठरावीक वेळेची ठरावीक गाडी धरून कर्णबधिर प्रवासी तेथे एकत्र येतात, बातम्या व थट्टामस्करी यांची देवघेव करतात, आणि गप्पा संपल्या नाहीत तर आपले स्थानक सोडून पुढेही जातात. विखुरलेल्या घरांतून एकेकटा राहणारा, बहुधा ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मलेला माणूस आपल्या भाषेचा वक्ता होतो तो असा. कल्याण किंवा डोंबिवलीहून मुंबईपर्यंतच्या तासाभराच्या प्रवासाकडे आपण कंटाळ्याचा तास म्हणून पाहतो. या मंडळींची ती पाठशाळा ठरली.

ही भाषा मराठीची वा हिंदीची सावली नव्हे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात वशिष्ठ, वुडवर्ड व विल्सन यांनी मुंबईसह चार शहरांत केलेल्या पाहणीने, आणि पुढे उल्रिके झेशान यांच्या व्याकरणविषयक अभ्यासाने ही गोष्ट स्पष्ट केली. मराठीत आपण ‘तू कुठे जातोस?’ असे विचारतो; खुणांत प्रश्नवाचक शेवटी येतो, ‘तू जाणे कुठे’, आणि प्रश्नाचा भाव भुवयांवर दिसतो. आता गाण्यातील प्रश्नार्थक ओळ घेतली तर कलावंतापुढे पेच उभा राहतो. गायकाच्या शब्दाबरोबर खूण केली तर ती ऐकणाऱ्यांना तालात वाटते, पण कर्णबधिरांना अडखळणारी भासते. भाषेचा क्रम पाळला तर हात समेवर येत नाहीत. जाणते कलावंत ओळ मोडून संपूर्ण अर्थाची एक खूण-मालिका रचतात आणि तिचा शेवट तालाच्या आघातावर आणून ठेवतात. ही रचना कवीच्या कामाहून कमी प्रतीची आहे असे आम्हांस वाटत नाही.

नृत्याने या पेचाची उकल थोडी सुकर केली. जमिनीतून येणारा कंप, ढोलाचा छातीत उमटणारा ठोका हा कर्णबधिरांचाही ताल आहे. डोंबिवलीत १९९९ पासून गुढीपाडव्याला निघणाऱ्या स्वागतयात्रेत ढोल-ताशांजवळ उभे राहिल्यास हे कोणासही पटेल.

ऑगस्ट २०१७ मध्ये गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केलेली, खुणांच्या भाषेतील राष्ट्रगीताची चित्रफीत प्रसिद्ध झाली आणि या प्रकारास एक प्रकारची राजमान्यता लाभली. २०२१ च्या उन्हाळ्यात बीटीएस या कोरियन गायकवृंदाने आपल्या नृत्यात खुणांचा समावेश केल्यावर महाविद्यालयीन तरुणांतही त्याविषयी कुतूहल निर्माण झाले. ऐकणारी मुले आता खुणा पाठ करून नाचतात. यात हरकत घेण्याजोगे काही नाही. मात्र पाठ केलेल्या खुणा आणि रचलेल्या खुणा यांत अभ्यासकाने गल्लत करू नये.

अमेरिकेत एका कर्णबधिर मुलीने खुणांनी सादर केलेले राष्ट्रगीत १९०२ मध्येच चलच्चित्रात टिपले गेले. म्हणून तेथील अभ्यासकांना शंभर वर्षांपूर्वीचे हात आज पाहता येतात. आपल्याकडे ज्यांनी १९८० व १९९० च्या दशकांत वसतिगृहांतून नि डब्यांतून चित्रगीतांची पहिली खूण-रूपे रचली असतील, त्यांच्यापैकी अनेक जण आज साठीच्या घरात असावेत. त्यांच्या मुलाखती दुभाष्यामार्फत लेखी स्वरूपात घेऊन भागणार नाही. त्या चित्रमुद्रितच व्हावयास हव्यात. एकच गीत दोन कलावंतांकडून, एकदा ध्वनिमुद्रिकेसह व एकदा तिच्याविना, करवून घेतले तर तालाने भाषेला कोठे वाकविले आहे हे तपासता येईल. विभागातील विद्यार्थ्यांनी हे काम कल्याण स्थानकाच्या फलाटावरून, सायंकाळच्या गाडीच्या त्या डब्यापासून सुरू करावे.