पेठहून परदेशातल्या बेटावर निघालाय? बॅगेत काय भरायचं आणि काय घरीच ठेवायचं

सातगाव पठारावरचा बटाटा निघाला, हातात दोन पैसे आले की पूर्वी अष्टविनायक व्हायचे, नाहीतर कोकणात एक चक्कर. आता पेठ, मंचर, नारायणगावातली मंडळी मॉरिशस, मालदीव, बाली, फुकेतची पॅकेजं बघायला लागलीयेत. लग्न झालेली पोरं तर बस्ता बांधायच्या आधीच तिकिटं काढतात.

फोटोत कोणते कपडे भारी दिसतील, यावर इन्स्टाग्रामवर हजार रिल्स सापडतील. पण घरातल्या साध्या वस्तू परदेशातल्या कस्टम्सवर कशा अडकतात, हे फार कुणी सांगत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पहिला मान खसखशीचा. अनारशांवर लावलेली असते, बऱ्याच घरच्या मसाल्यांतही असते. आपल्याकडे ती किराणा दुकानात मिळते, पण ती अफूच्या झाडाचं बी आहे. त्यामुळे संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांच्या यादीत आहे, आणि सिंगापूरमध्ये परवानगीशिवाय नेता येत नाही. तुम्ही म्हणाल, आम्ही तर बालीला चाललोय. पण बालीची बरीच विमानं सिंगापूरमार्गे जातात आणि मॉरिशसला दुबईमार्गे जाणारेही असतात. मधे एक रात्र शहरात उतरलात तर बॅग तिथल्या कस्टम्समधून जाते. दिवाळीत जाणार असाल तर चकली, शंकरपाळी न्या, अनारसे घरी खा.

दुसरं सुकं खोबरं. खोबऱ्याच्या वाट्यांत तेल इतकं असतं की त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून विमान वाहतुकीच्या नियमांत त्या धोकादायक मालात मोडतात. काडेपेटी आणि लायटरही चालत नाही, ना हातातल्या बॅगेत ना मोठ्या बॅगेत. लोणचं न्यायचंच असेल तर नीट सील करून मोठ्या बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत नेलंत तर तपासणीवर बरणी काढून ठेवायला लावतात. पॉवर बँकेचं याच्या उलट आहे, ती फक्त हातातल्या बॅगेतच चालते. १०० वॅट-तासापर्यंत अडचण येत नाही. बाजारातली २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॅट-तासांची असते, म्हणजे ती बसते. फक्त तिच्यावरचे आकडे पुसलेले नसावेत.

आता शेतकऱ्यांसाठी खास. मॉरिशस हा उसाचा देश. त्यामुळे बाहेरून ऊस किंवा उसाचा कुठलाही भाग नेण्यावर तिथे बंदी आहे, कारण एका कांडीबरोबर रोग गेला तर अख्ख्या बेटाचं पीक बसतं. रोपं, बिया, फळांनाही आधी परवाना लागतो. भीमाशंकर कारखान्याला ऊस घालणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. पण एक गोष्ट डोक्यात येत नाही ती म्हणजे बूट. शेतात घातलेले बूट तसेच बॅगेत टाकू नका, ब्रशने घासून माती काढा.

मालदीवचे नियम अजून वेगळे. दारूची बाटली नेता येत नाही. मुंबईच्या ड्युटी फ्रीमधून घेतलेली असली तरी माले विमानतळावर ठेवून घेतात. पूजेच्या मूर्तींनाही तिथे बंदी आहे, त्यामुळे पर्समधला छोटा गणपती यावेळी देव्हाऱ्यातच राहू द्या. १५ नोव्हेंबर २०२४ पासून व्हेपवरही बंदी आलीये. थायलंडमध्ये तर ती त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. बिकिनी रिसॉर्टवर किंवा ठरवून दिलेल्या किनाऱ्यावर चालते, लोकवस्तीच्या बेटावर खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे लागतात. आणि रिसॉर्टला सी-प्लेनने जाणार असाल तर साधारण २० किलोची मोठी बॅग आणि ५ किलोची हातातली, एवढंच वजन धरून चाला. मुंबईहून ३० किलो आणलेत तर पुढे जादा पैसे मोजावे लागतात.

औषधांचं मात्र मनावर घ्या. झोपेच्या गोळ्या, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं, कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप यांवर अनेक देशांत कडक नियंत्रण आहे. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांच्या सगळ्या गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासकट घ्या. डब्यात सुट्या केलेल्या गोळ्या कशाच्या आहेत हे तिथल्या अधिकाऱ्याला कोण सांगणार? बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा. सोबत ओआरएस, उलटीची गोळी (बोटीत लागतेच) आणि डासांचं मलम. डेंग्यू या सगळ्याच बेटांवर आहे.

कपड्यांचं गणित ऋतूवर आहे, आणि तिथेच गफलत होते. मे महिन्यात आपल्याकडे अंग भाजतं, पण मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने तिथे तेव्हा थंडी सुरू होत असते. संध्याकाळी वाऱ्यात एक पातळ जॅकेट लागतं. मालदीव आणि फुकेतला मे ते ऑक्टोबर पावसाळा. बालीला याच काळात कोरडं असतं. मॉरिशसला जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस. म्हणजे 'बेट आहे, ऊन असणारच' असं धरून चालू नका.

पठारावरच्या कोरड्या हवेची सवय असलेल्यांना तिथला दमटपणा पहिले दोन दिवस नको वाटतो. जीन्स एकच न्या, ती ओली झाली की वाळत नाही. सुती किंवा पटकन वाळणारे कपडे बरे. माझं मत विचाराल तर नव्या नवरीने जड साड्या अजिबात नेऊ नयेत, फोटो एका सुती साडीतही झकास येतात. दागिन्यांचंही तेच. मंगळसूत्र ठीक, पण लग्नातला सगळा ऐवज घालून जायचंच असेल तर जाताना मुंबई कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, नाहीतर परतताना तो तुमचाच आहे हे सिद्ध करत बसाल.

पाण्यात घालायचे रबरी बूट मात्र नक्की घ्या. मॉरिशसच्या उथळ पाण्यात टोकदार प्रवाळ, काटेरी समुद्री जीव आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासाही असतो. थायलंडच्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेटसारखी रसायनं असलेल्या सनस्क्रीनला बंदी आहे. झिंक ऑक्साइडचं घ्या, आणि ट्यूब १०० मिलीपेक्षा मोठी असेल तर मोठ्या बॅगेत.

चार्जर: बाली आणि थायलंडला आपली दोन पिनांची साधी चालते. मॉरिशस आणि मालदीवला चौकोनी तीन पिनांचा अ‍ॅडॉप्टर लागतो, तो इथूनच घ्या, तिथे महाग पडतो.

कागदपत्रांत पासपोर्ट किमान ६ महिने वैध, परतीचं तिकीट, हॉटेल बुकिंग, सगळ्याच्या दोन झेरॉक्स. मालदीवसाठी प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, थायलंडसाठी १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड. बालीला पर्यटकांकडून दीड लाख रुपिया घेतात. आकडा ऐकून घाबरू नका, तो त्यांचा रुपिया आहे, आपल्या हजार रुपयांच्या आतबाहेर. भारतातून निघताना आपल्या नोटा २५,००० रुपयांपर्यंतच नेता येतात. मॉरिशसमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआय सुरू झालंय, पण प्रत्येक टपरीवर क्यूआर असेल या भरवशावर राहू नका.

मॉरिशसला जाणाऱ्यांना एक गंमत सांगतो. १८३४ पासून मजूर म्हणून नेलेल्या भारतीयांत मराठी माणसंही होती, त्यांचे वंशज आजही तिथे आहेत आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. पोर्ट लुईतला आप्रवासी घाट, जिथे ही माणसं उतरली, तो २००६ पासून जागतिक वारसा आहे. गंगा तलावाला गेलात तर देवळात जाण्यासाठी एक अंगभर ड्रेस जवळ असू द्या.

येताना किनाऱ्यावरचे शंख, प्रवाळ, वाळू बॅगेत टाकू नका. मालदीवमधून प्रवाळ आणि वाळू बाहेर नेणं गुन्हा आहे आणि जाताना बॅगा स्कॅन होतात. पोरांचे खिसेही तपासून घ्या.