कॅल्डेकॉट पदक आणि चित्रग्रंथाचें कर्तृत्व

हितोपदेशाच्या अखेरीस नारायण पंडितानें आपलें व आपला आश्रयदाता धवलचंद्र याचें नांव ग्रथित करून ठेवलें आहे. त्यामुळें त्या ग्रंथाचा कर्ता कोण, हा वाद फारसा उरला नाहीं. परंतु ग्रंथांत चित्रें असलीं तर त्यांचा कर्ता कोण, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारीत नाहीं. मीं आयुष्यभर शाळेंत संस्कृत शिकविलें. शाळेच्या कपाटांत मुलांसाठीं केलेल्या सचित्र गोष्टींच्या पुस्तकांची एक रांग असे. हाताळून हाताळून त्या पुस्तकांचीं पानें सुटलीं होतीं. पण त्यांतील कित्येकांवर चित्रकाराचें नांव मला कधीं आढळलें नाहीं. मुलें मात्र पुस्तक उघडीत तीं चित्रांसाठींच.

या उपेक्षित कर्त्याला ग्रंथकाराच्या शेजारीं स्वतंत्र आसन देण्याचा एक पद्धतशीर प्रयत्न अमेरिकेंत इ. स. १९३८ पासून अव्याहत चालू आहे. तेथील ग्रंथालय-संघाच्या वतीनें मुलांच्या सर्वोत्कृष्ट चित्रग्रंथाच्या चित्रकारास प्रतिवर्षीं दिलें जाणारें कॅल्डेकॉट पदक, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. पदकाच्या मानकर्‍यांची नामावळी देण्याचा हेतु नाहीं. ती कोठेंही मिळेल. चित्रकार हा ग्रंथाचा कर्ता, कीं ग्रंथावर अलंकार चढविणारा कारागीर, या प्रश्नाचें उत्तर पदकाच्या इतिहासांत कसकसें मिळत गेलें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

ज्याच्या नांवानें हें पदक दिलें जातें तो रँडॉल्फ कॅल्डेकॉट अमेरिकन नव्हे. त्याचा जन्म २२ मार्च १८४६ रोजीं इंग्लंडांत चेस्टर येथें झाला. प्रथम व्हिटचर्च व पुढें मँचेस्टर येथील पेढींत त्यानें कारकुनी केली. चित्रें काढावयाचीं तीं फावल्या वेळांत. १८७२ सालीं तो लंडनला आला. तेथें एडमंड एव्हन्स हा लांकडी ठसे कोरण्यांत निष्णात असा मुद्रक मुलांसाठीं शिलिंगास एक याप्रमाणें रंगीत पुस्तकें काढीत असे. मूळ रेखाचित्र ठशावर उतरवून कोरावयाचें आणि प्रत्येक रंगासाठीं निराळा ठसा करून एकावर एक छापावयाचें, ही त्याची रीत. ठसा केसभर सरकला तरी चित्र बिघडावयाचें, असें हें काम आहे. वॉल्टर क्रेनच्या पुस्तकांनंतर एव्हन्सनें कॅल्डेकॉटला हातीं धरिलें, आणि १८७८ ते १८८५ या आठ वर्षांत, नाताळच्या सुमारास दरसाल दोन, अशीं सोळा पुस्तकें रटलेज या प्रकाशन-संस्थेकडून निघालीं. प्रकृति मुळांतच नाजूक. हवापालटासाठीं म्हणून तो अमेरिकेंत गेला आणि फ्लोरिडांतील सेंट ऑगस्टिन येथें १२ फेब्रुवारी १८८६ रोजीं वारला. चाळीस वर्षें पुरीं होण्यास थोडेच आठवडे उरले होते. अमेरिकेशीं त्याचा संबंध काय तो या अखेरच्या प्रवासाचा आणि तेथील थडग्याचा.

मग त्याच्याच नांवाचें पदक कां? याचें उत्तर त्याच्या चित्रांत आहे, आणि तें नीट पाहिल्याशिवाय पुढील इतिहास कळणार नाहीं. इंग्रजी मुलांच्या एका जुन्या गाण्यांत शेवटीं थाळा पळीला घेऊन पळून जातो. गाणें तेथेंच संपतें. कॅल्डेकॉट मात्र आणखी एक चित्र काढतो. त्यांत थाळा फुटून तुकडे होऊन पडला आहे, आणि सुरी व कांटा, म्हणजे पळीचे आईबाप, मुलीला दोहों बाजूंनीं धरून घरीं नेत आहेत. याचा एक शब्दही गाण्यांत नाहीं. दुसर्‍या गाण्यांत बाळाला गुंडाळण्यासाठीं सशाचें कातडें आणावयास बाप शिकारीस जातो. चित्रांतील बापाला शिकार कांहीं मिळत नाहीं. तो कातडें विकत घेऊन येतो. पुढें तें पांघरलेलें बाळ फिरावयास निघतें, तों समोरच्या टेकाडावर ससे बसलेले असतात, आणि बाळ व ससे एकमेकांकडे टक लावून पाहतात. गाणें आनंदाचें आहे. चित्र पाहून मात्र मन क्षणभर चरकतें. आनंदवर्धनानें काव्याविषयीं जो भेद सांगितला, कीं वाच्यार्थ निराळा व व्यंग्यार्थ निराळा, तोच येथें शब्द व चित्र यांमध्यें विभागला गेला आहे. वाच्य तेवढें शब्दानें सांगावें, आणि व्यंजना चित्रानें करावी. मॉरिस सेंडॅक या विसाव्या शतकांतील थोर अमेरिकन चित्रकारानें आधुनिक चित्रग्रंथाचा आरंभ कॅल्डेकॉटपासून मानला तो याच कारणानें, आणि मला तें मत ग्राह्य वाटतें.

आतां पदकाकडे वळूं. ग्रंथविक्रेत्यांच्या एका प्रसिद्ध नियतकालिकाचा संपादक फ्रेडरिक मेल्चर यानें १९२१ सालीं अमेरिकन ग्रंथालय-संघापुढें अशी सूचना मांडली कीं, मुलांसाठीं लिहिणार्‍या लेखकास प्रतिवर्षीं एक पदक द्यावें. अठराव्या शतकांतील लंडनचा पुस्तकविक्रेता जॉन न्यूबेरी याचें नांव त्यास देण्यांत आलें व १९२२ पासून तें सुरू झालें. १९२८ सालचें न्यूबेरी पदक धनगोपाल मुखर्जी या बंगाली लेखकास कबुतराच्या कथेबद्दल मिळालें, हें आपल्याकडे पुष्कळांस ठाऊक नसतें. त्या पुस्तकाचीं चित्रें बोरिस आर्त्झीबाशेफ यानें काढलीं होतीं. परंतु पदक लेखकाचें, तेव्हां चित्रकाराच्या वाट्यास कांहीं आलें नाहीं, आणि येण्याची सोयही नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठीं मेल्चरनेंच १९३७ सालीं दुसरें पदक सुचविलें. तेंच कॅल्डेकॉट पदक. रेने शॅम्बेलन या शिल्पकारानें तें कांस्यामध्यें घडविलें. दर्शनी बाजूस कॅल्डेकॉटच्या चित्रांतील बेफाम घोड्यावरून उधळत चाललेला जॉन गिल्पिन, आणि मागील बाजूस राजापुढें ठेवलेल्या पक्वान्नांतून बाहेर पडणारे चोवीस पक्षी. पदकाच्या पहिल्याच वर्षीं, १९३८ मध्यें, उपविजेत्या पुस्तकांत याच आर्त्झीबाशेफचें एक पुस्तक होतें. दहा वर्षें उशिरां कां होईना, त्याचें नांव यादींत आलें.

पहिलें पदक डोरोथी लॅथ्रॉप हिला बायबलांतील प्राण्यांच्या चित्रांबद्दल मिळालें. ही निवड अर्थपूर्ण आहे. त्या पुस्तकांतील वचनें हेलन डीन फिश हिनें बायबलाच्या जुन्या इंग्रजी भाषांतरांतून वेंचलीं होतीं. नव्यानें लिहिलेलें असें त्यांत नव्हतें. म्हणजे गौरव झाला तो निःसंशय चित्रांचा. पदकास पात्र होण्यासाठीं चित्रकार अमेरिकेचा नागरिक अथवा रहिवासी असावा लागतो, आणि पुस्तक प्रथम तेथेंच निघालेलें असावें लागतें. यांतील 'अथवा रहिवासी' हे दोन शब्द फार मोलाचे ठरले. १९४० च्या मानकर्‍यांतील इंग्री दोलेअर नॉर्वेची, १९४६ चा मिस्का पीटरशॅम हंगेरीचा, १९५६ चा रोजांकोव्हस्की रशियाचा. पूर्वजांच्या देशांतून आणलेली रेषा या लोकांनीं अमेरिकन मुलांच्या हातीं दिली.

तथापि लेखक व चित्रकार यांच्या सीमेचा तंटा लवकर मिटला नाहीं. एका पुस्तकाचा विचार दोन्ही पदकांसाठीं करूं नये, असें १९३९ सालीं ठरलें. हा निर्बंध १९७७ सालीं उठला. पुढें १९८२ मध्यें विल्यम ब्लेकविषयींच्या एका काव्यग्रंथास न्यूबेरी पदकही मिळालें आणि चित्रांबद्दल कॅल्डेकॉट सन्मानही. 'उपविजेते' हें किंचित् कमीपणाचें नांव १९७१ सालीं जाऊन त्यास 'सन्मानित ग्रंथ' म्हणूं लागले, आणि तें मागील सर्व वर्षांनाही लागू केलें. दोन्ही पदकांसाठीं पंधरा-पंधरा सभासदांच्या स्वतंत्र समित्या १९८० पासून काम पाहूं लागल्या. हे कारभाराचे तपशील रुक्ष खरे. पण चित्राचा न्याय चित्र म्हणूनच करावा, या तत्त्वाची वाढ त्यांतूनच दिसते. नियमांनींही सचित्र पुस्तक निराळें व चित्रग्रंथ निराळा असा भेद केला आहे. कथा चित्रांच्या मालिकेनें उलगडली पाहिजे, ही मुख्य अट. म्हणून २००८ सालीं पांचशेंहून अधिक पानांच्या कादंबरीवजा पुस्तकास पदक देतां आलें, आणि २०१० सालीं जेरी पिंकनीच्या सिंह व उंदीर यांच्या कथेस. या दुसर्‍या पुस्तकांत निवेदन मुळींच नाहीं; आहेत ते केवळ प्राण्यांचे ध्वनि.

इंग्लंडांत याच धर्तीचें केट ग्रीनअवे पदक १९५५ सालीं स्थापन झालें. कॅल्डेकॉटहून पांच दिवसांनीं वडील असलेली ही चित्रकर्ती. तिचींही पुस्तकें एव्हन्सनेंच छापलीं. पहिल्या वर्षीं योग्य पुस्तक नाहीं म्हणून पदक कोणासच दिलें नाहीं. दुसर्‍या वर्षीं एडवर्ड आर्डिझोन यास मिळालें. अशा करारीपणाचें मला कौतुक वाटतें. परंतु २०२२ सालीं त्या पदकाचें नांव बदलून, लेखकांस मिळणार्‍या पदकाप्रमाणें, त्यासही कार्नेगीचें नांव देण्यांत आलें. कार्नेगी हा ग्रंथालयांचा थोर दाता होता, यांत वाद नाहीं. पण दात्याचें नांव दोन्हीकडे लागलें आणि चित्रकर्तीचें गेलें, ही गोष्ट सोयीची असली तरी न्यायाची आहे, असें मला म्हणवत नाहीं.

आपणां संस्कृताभ्यासकांस विशेष जवळचें वर्ष म्हणजे १९६२. त्या वर्षीं हें पदक मार्शिया ब्राउन हिला मिळालें, तें हितोपदेशांतील मुनि व मूषक यांच्या कथेबद्दल. ब्राउन ही तीन वेळां (१९५५, १९६२, १९८३) हें पदक मिळविणारी पहिली चित्रकर्ती होय. कथा संधिप्रकरणांतील आहे. कावळ्याच्या चोंचींतून पडलेलें उंदराचें पिल्लू मुनि वाढवितो. मांजराच्या भयानें त्याचें मांजर करितो, मग कुत्रा, मग वाघ. शेवटीं वाघ मुनीवरच उठतो आणि पुन्हां उंदीर होतो. ब्राउननें ही कथा मोजक्या रंगांत, लांकडी ठसे स्वतः कोरून सांगितली. पुस्तकाच्या उपशीर्षकांत तिनें ही कथा 'लांकडांत कोरलेली' म्हटली आहे. 'लिहिलेली' म्हटलेली नाहीं. कर्तृत्वाच्या प्रश्नास याहून नेमकें उत्तर मला माहीत नाहीं.

मूळ कथेशीं ताडून पाहतां एक भेद ध्यानांत येतो. नारायण पंडिताच्या ग्रंथांत वाघाला पाहून लोक म्हणतात कीं, हा मुनीनें केलेला उंदीरच आहे. तें ऐकून वाघाला सल लागतो. ब्राउनच्या पुस्तकांत वाघाच्या तोर्‍याबद्दल मुनि स्वतःच त्याला टाकून बोलतो. लोक गाळल्यामुळें लोकापवादाचा मुद्दा गेला. त्याचप्रमाणें मूळांत ही कथा राजा चित्रवर्णास त्याचा मंत्री गृध्र सांगतो, आणि क्षुद्रास उच्च पद देऊं नये, असा तिचा राजनीतिपर रोख आहे. ब्राउनचा मुनि आरंभीं व अखेरीस लहान आणि मोठें यांविषयीं चिंतन करीत बसलेला दिसतो. आमच्यांतील कोणी यास मूळाचा विपर्यास म्हणेल. मी म्हणणार नाहीं. नारायण पंडितानेंही पंचतंत्र व दुसरा एक ग्रंथ यांतून कथा घेऊन आपल्या प्रयोजनानुसार फिरविल्याच होत्या, आणि तसें तो मोकळेपणीं सांगतो.

ही कथा वर्गांत शिकवीत असतां एका मुलानें मला विचारलें होतें कीं, उंदराचें मांजर झाल्यावर तें मांजर उंदीर खात असे काय? वर्ग हंसला, मीं त्यास खालीं बसविलें, कारण मला उत्तर येत नव्हतें. निवृत्तीनंतर ब्राउनचें पुस्तक हातीं आलें तेव्हां मीं प्रथम तेंच पान शोधलें. नवें मांजर तेथें उंदराच्या मागें नाहीं. रात्रीं कुत्र्याचें भुंकणें ऐकून जीव घेऊन पळत आहे. तो मुलगा आतां स्वतः एका शाळेंत शिक्षक आहे. पुस्तक मीं त्याच्याकडे पाठवून दिलें आहे.