टी-शर्टवरचं दाताळं

मी काढलेलं पहिलं चित्र परत आलं.

हवेत उडालेला सायकलस्वार, मागे रेडवूडची उंच झाडं, खाली मावळता सूर्य. मला वाटलं होतं, झकास जमलंय. मी मूळची साताऱ्याची, नोकरीसाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहते आणि शनिवार-रविवार डोंगरात सायकल चालवते. तिथल्या वाटांची देखभाल करणाऱ्या एका लहानशा मंडळाला टी-शर्ट विकून पैसे उभे करायचे होते. 'तू डिझायनर आहेस ना, काढून दे,' म्हणून काम माझ्याकडे आलं.

मंडळातल्या सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंनी चित्र नीट पाहिलं आणि विचारलं, "छान आहे. पण यात आमचं काम कुठे दिसतंय?"

मला राग आला. सायकलच्या टी-शर्टवर सायकल नको, तर काय हवं? तो प्रश्न डोक्यात ठेवून मी या भागातली जुनी पोस्टरं बघायला बसले आणि सहा दशकं मागे गेले.

गोष्ट सायकलच्याही आधी सुरू होते. सॅन फ्रान्सिस्को माइम ट्रूप ही नाटकमंडळी शहरातल्या बागांमध्ये फुकट नाटकं करायची. १९६५ मध्ये नाटक अश्लील असल्याचं सांगून त्यांची परवानगी काढून घेण्यात आली. तरीही ते ऑगस्टमध्ये लाफायेट पार्कात उभे राहिले, आणि दिग्दर्शक आर. जी. डेव्हिस यांना अटक झाली. खटल्याच्या खर्चासाठी मंडळींचे व्यवस्थापक बिल ग्रॅहम यांनी मदतीचे कार्यक्रम लावले. त्यातला डिसेंबरमधला कार्यक्रम फिलमोर सभागृहात झाला. पुढे ग्रॅहम तिथेच संगीताचे कार्यक्रम करू लागले आणि त्यांच्यासाठी वेस विल्सनसारख्या चित्रकारांनी वितळल्यासारख्या अक्षरांची पोस्टरं काढली. आज ती संग्रहालयांत आहेत. म्हणजे त्या जगप्रसिद्ध पोस्टरांच्या मुळाशी एक साधं भांडण होतं: सार्वजनिक जागा कोणी, कशी वापरायची?

गोल्डन गेट पूल ओलांडला की मॅरिन लागतं. तिथल्या ज्या पोरांनी डोंगरातली सायकल घडवली, ती याच वातावरणात वाढलेली. चार्ली केली 'सन्स ऑफ चॅम्पलिन' या बँडचं सामान वाहायचा. गॅरी फिशरला लांब केसांमुळे १९६८ मध्ये शर्यतींतून बाहेर काढलं होतं. हे सगळे तीस-चाळीसच्या दशकांतल्या जाड टायरच्या भंगार सायकली घेऊन डोंगर उतरायचे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळ त्यांनी घड्याळ लावून पहिली शर्यत घेतली. साधारण ३ किलोमीटरांत जवळजवळ ४०० मीटरचा उतार! पेडल उलटं फिरवून लागणारा मागचा ब्रेक इतका तापायचा, की आतलं ग्रीस जळून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नाव 'रिपॅक'. पहिल्या दिवशी ॲलन बाँड्स जिंकला, कारण न पडता खाली पोचलेला तो एकटाच होता.

पुढे या शर्यतींची हाताने काढलेली पोस्टरं निघाली. १९८० मध्ये 'फॅट टायर फ्लायर' हे घरगुती नियतकालिक सुरू झालं, ते १९८७ पर्यंत चाललं. या काळातल्या चित्रांचा सूर एकच आहे: या, मजा आहे!

आणि लोक आले. इतके आले, की पायी फिरणारे आणि घोडेस्वार वैतागले. वळणावरून अचानक सायकल अंगावर यायची. १९८० च्या दशकात मॅरिनमधल्या बहुतेक अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या. उरले ते वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेले रुंद कच्चे रस्ते. तिथेही ताशी १५ मैलांची मर्यादा, आणि ती मोडणाऱ्यांना पकडायला वेग मोजण्याची यंत्रं घेतलेले रेंजर. जिथे हा खेळ जन्मला, तिथेच त्याला दार बंद झालं.

सगळा दोष बंदी घालणाऱ्यांचा नव्हता. आपण येतो, मजा करतो, निघून जातो. वाटेचं काय होतं ते कोण बघतं? हा प्रश्न स्वारांना स्वतःलाच विचारावा लागला. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पाच क्लबांनी मिळून इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन स्थापन केली. भर दोन गोष्टींवर होता: जबाबदारीने चालवा आणि वाटा दुरुस्त करायला हात लावा. आपल्या भाषेत, श्रमदान करा.

इथे मला बाईंचा प्रश्न कळायला लागला. पोस्टरांनी लोकांना बोलावलं होतं. आता चित्राने सांगायला हवं होतं, की आम्ही ही वाट सांभाळतो.

पुढच्या श्रमदानाला मी गेले. वाटेचा खरा शत्रू टायर नाही, पाणी आहे, हे तिथे समजलं. वाटेचा चढ बाजूच्या डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त ठेवायचा नाही, नाहीतर पाणी वाटेवरूनच धावतं. वाट दरीच्या बाजूला किंचित कलती ठेवायची. मधेमधे उतार मोडून छोटा चढ द्यायचा, म्हणजे पाणी तिथूनच बाहेर पडतं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आपल्याकडच्या समतल चरांसारखंच की!" जवळजवळ उलटं. चर पाण्याला थांबवतो, इथे त्याला न रेंगाळता पलीकडे जाऊ द्यायचं असतं.

हातात होतं मॅक्लाउड: एका बाजूने रुंद कुदळ, दुसऱ्या बाजूने जाड दात्यांचं दाताळं. माल्कम मॅक्लाउड या वनरक्षकाने १९०५ मध्ये वणव्याच्या कामासाठी ते बनवलं. घरी येऊन मी तेच काढलं. एक मॅक्लाउड आणि त्याच्या दात्यांमधून वळत गेलेली वाट.

फक्त दोन रंग. त्यालाही कारण होतं. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाची वेगळी जाळी करावी लागते. दहा टी-शर्ट छापा नाहीतर शंभर, जाळीचा खर्च तेवढाच. माझ्या पहिल्या चित्रातल्या सूर्यास्ताला सहा रंग लागले असते. वाटेचे पैसे त्या सूर्यानेच खाल्ले असते.

मग पैशाचा विषय निघाला. छापणाऱ्याला पैसे, कापडाला पैसे, चित्राला? मंडळाने गृहीत धरलं होतं, की ते फुकट. वेस विल्सन आणि बिल ग्रॅहम यांचं १९६७ मध्ये पैशांवरूनच फाटलं होतं. मला भांडायचं नव्हतं, पण गप्पही बसायचं नव्हतं. मी म्हटलं, हे चित्र माझं श्रमदान समजा. पण पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाला सांगाल, तेव्हा मानधन आधी ठरवा. श्रमदान आपण होऊन करायचं असतं, ते कोणी आपल्या नावावर लिहून ठेवायचं नसतं. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग त्याच बाईंनी वहीत पुढच्या वर्षाच्या खर्चात 'चित्रकार' अशी एक ओळ घातली.

टी-शर्ट आले, तेव्हा वाटेच्या सुरुवातीला टेबल मांडून आम्ही विकायला बसलो. कुत्रा घेऊन चालायला आलेल्या एक आजी थांबल्या. "तुमची पोरं फार जोरात येतात," असं आधी सुनावून घेतलं. मग टी-शर्टवर बोट ठेवून विचारलं, "हे काय आहे?"

मी सांगितलं. पाणी, उतार, दाते, सगळं.

"मी सायकल चालवत नाही," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्या मापाचा टी-शर्ट शोधायला लागल्या.