रीडिंग ९००

गोरखपूरचे बाबा राघवदास मेडिकल कॉलेज म्हणजे पूर्व उत्तर प्रदेश, पश्चिम बिहार आणि नेपाळच्या तराईतल्या गरिबांचा शेवटचा आधार. पावसाळा भरात आला की इथल्या १०० नंबरच्या वॉर्डात मेंदूज्वराची मुले येऊ लागतात. १९७८च्या मोठ्या साथीपासून हे चालत आले आहे. त्यामुळे ऑगस्ट २०१७मध्ये वॉर्ड भरणार आणि ऑक्सिजन भरपूर लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

जुलैअखेर. द्रवरूप ऑक्सिजन पुरवणाऱ्या लखनौच्या कंपनीची थकबाकी साठ लाखांच्या वर गेली आहे. स्मरणपत्रांचा उपयोग झालेला नाही. आता वकिलाची नोटीस येते.

गुरुवार, ३ ऑगस्ट. ऑक्सिजनच्या मध्यवर्ती पाइपलाइनवर काम करणारे ऑपरेटर वरिष्ठांना लेखी कळवतात की टाकीतला साठा संपत आला आहे.

शनिवार, ५ ऑगस्ट. सरकारच्या पुढच्या खुलाशानुसार या दिवशी कॉलेजसाठी निधी सुटतो. पुरवठादाराच्या खात्यात मात्र पैसे जायला ११ तारीख उजाडते. लखनौ आणि गोरखपूर यांच्यामधल्या टेबलांवर हा आठवडा जातो.

बुधवार, ९ ऑगस्ट. मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ कॉलेजला भेट देतात. गोरखपूर त्यांचाच मतदारसंघ आणि मेंदूज्वर हा त्यांनी संसदेत वर्षानुवर्षे मांडलेला प्रश्न. आढावा बैठक होते. ऑक्सिजनची अडचण आपल्या कानावर कुणी घातलीच नाही, असे ते नंतर सांगतात.

गुरुवार, १० ऑगस्ट, सकाळी ११.२०. ऑपरेटर टाकीचे रीडिंग घेतात. आकडा ९००. ते पुन्हा पत्र लिहितात, या वेळी बालरोग विभागप्रमुखांच्या नावे. त्यांचे म्हणणे असे: हा साठा आज रात्रीपर्यंतच पुरेल. पुरवठादार मागचे पैसे मिळाल्याशिवाय टँकर पाठवायला तयार नाही. ट्रॉमा सेंटर, १०० नंबरचा वॉर्ड, प्रसूतिकक्ष, भूल विभाग, सगळे याच टाकीवर चालते. ताबडतोब सोय झाली नाही तर रुग्णांच्या जिवाला धोका आहे.

हे पत्र लिहिणारे डॉक्टर नव्हते, अधिकारीही नव्हते. त्या दिवशी रुग्णालयात सर्वांत अचूक निदान मात्र त्यांनी केले होते.

११.२० ते संध्याकाळी ७.३०. हाताशी आठ तास आहेत. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर साठवतात. त्याच्या एका लिटरपासून सुमारे ८६० लिटर वायू मिळतो. एका जंबो सिलिंडरमध्ये जेमतेम ७,००० लिटर वायू मावतो, म्हणजे टाकीतल्या आठेक लिटर द्रवाएवढा. टाकी आटली की तिची जागा भरायला सिलिंडरांच्या रांगा लागतात. ते मिळवायला, आणायला, जोडायला माणसे आणि वाहने लागतात. म्हणूनच दुपारचे हे तास मोलाचे होते. टँकर येणार नाही हे ठाऊक होते आणि साठा कधी संपेल हेही ठाऊक होते.

संध्याकाळी ७.३०. टाकीतला दाब कोसळतो. राखीव ५२ जंबो सिलिंडर पाइपलाइनला जोडले जातात.

रात्री ११.३०च्या सुमारास. राखीव साठाही आटतो. पुढचे दोनेक तास पाइपलाइन कोरडी होती, असे वॉर्डातल्या लोकांनी सांगितले आहे. आईबापांच्या हाती अंबू बॅग दिल्या जातात: रबरी फुगा दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. तान्ह्या बाळासाठी हे मिनिटाला चाळीस-पन्नास वेळा, न थांबता करावे लागते. बॅगेला ऑक्सिजनची नळी नसेल तर तिच्यातून जाते ती साधी हवा, जिच्यात ऑक्सिजन असतो २१ टक्के. ज्या फुप्फुसांना हवेतला ऑक्सिजन पुरत नाही म्हणून बाळ दाखल केले, त्यांना पुन्हा तीच हवा.

शुक्रवार, ११ ऑगस्ट, पहाटे १.३०. सिलिंडरांची एक खेप येते. तीही सकाळपर्यंतच पुरते.

सकाळपासून. धावाधाव सुरू होते. शहरातल्या खासगी नर्सिंग होममधून सिलिंडर मागून आणले जातात. सशस्त्र सीमा बल ट्रक आणि जवान देते. त्याच दिवशी पुरवठादाराला पैसेही जातात.

या नोंदीपाशी थांबायला हवे. शुक्रवारी जे सिलिंडर मिळाले, ते गुरुवारी दुपारीही त्याच शहरात होते. ट्रक होते, जवान होते, आणि सरकारचेच म्हणणे धरले तर पैसेही होते. कमी होता तो एक माणूस, ज्याला ते पत्र वाचून तिथल्या तिथे हुकूम सोडता आला असता आणि नाही सोडला तर जाब द्यावा लागला असता.

रविवार, १३ ऑगस्ट, पहाटे १.३०च्या सुमारास. द्रवरूप ऑक्सिजनचा टँकर पोचतो. टाकी आटून चोपन्न तास झालेले असतात.

रुग्णालयाच्या नोंदींनुसार ७ ते ११ ऑगस्ट या पाच दिवसांत ६० मुले दगावली. एकट्या १० तारखेला २३: नवजात कक्षातली १४, मेंदूज्वराची ३, इतर ६. हे मृत्यू ऑक्सिजनअभावी नाहीत, असे राज्य सरकारने ठामपणे सांगितले आणि आधीच्या वर्षांतल्या ऑगस्टचे आकडे पुढे केले. अनेक आईबापांनी ते मानले नाही. पण सरकारचे म्हणणे जसेच्या तसे स्वीकारले तरी, शेकडो खाटांच्या रुग्णालयाची ऑक्सिजनची टाकी लेखी इशाऱ्यानंतर रिकामी झाली, हे उरतेच. आणि दर ऑगस्टला इतकी मुले जातात, हा बचाव होऊ शकत नाही.

पुढे प्राचार्य निलंबित झाले, नऊ जणांवर गुन्हा दाखल झाला. त्यांपैकीच एक, त्या रात्री सिलिंडरसाठी धावलेले डॉ. कफील खान, आठ महिने तुरुंगात राहिले. त्यांनी स्वतः वैद्यकीय हलगर्जी केल्याचा पुरावा समोर नाही, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना जामीन देताना नोंदवले.

धडा गोरखपूरपुरता राहिला नाही. २१ एप्रिल २०२१ला नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठा तुटला आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. कारण वेगळे, पण टाकी बंद पडली तर पुढच्या मिनिटाला काय, हा प्रश्न तोच. गरीब देशांतल्या रुग्णालयांत रुग्णसुरक्षा म्हटले की हात धुणे आणि औषधांच्या चिठ्ठ्या आठवतात. त्या हव्यातच. पण बिलाची फाइलही रुग्णाच्या खाटेला बांधलेली असते, आणि ती अडली की श्वास अडतो.

म्हणून मागणे साधे आहे. ऑक्सिजन, रक्त आणि वीज यांची देणी इतर बिलांच्या रांगेत थांबू नयेत. राखीव साठा किती तास पुरेल हे दररोज वॉर्डात लिहिलेले असावे. आणि सकाळी ११.२०ला इशारा आला तर बारापर्यंत कोणी निर्णय घ्यायचा, आणि तो रजेवर असेल तर कोणी, ही दोन नावे अधिकारासह ठरलेली असावीत. पत्र लिहिणाऱ्या ऑपरेटरने आपले काम केले होते. ते वाचणाऱ्याचे काम काय, हे व्यवस्थेने अजून लेखी ठरवायचे आहे.