परीक्षेच्या घरात वर्ग कसा आला

माझ्या पदवीच्या कागदावर मुंबई विद्यापीठाची उठावाची मोहर आहे. बोट फिरवलं की आजही हाताला लागते. पण तीन वर्षांत त्या विद्यापीठाच्या एकाही वर्गात मी बसलो नव्हतो. शिकलो तालुक्याच्या संलग्न कॉलेजात. विद्यापीठ म्हणजे आमच्या लेखी हॉल तिकीट, मोहोरबंद प्रश्नपत्रिका आणि निकाल. ही ओळख आमच्या पिढीची नाही, ती थेट १८५७ पासून चालत आली आहे.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानं कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथं विद्यापीठं काढायला सांगितलं, तेव्हा नमुना ठेवला लंडन विद्यापीठाचा. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठानं परीक्षा घ्यायची आणि पदव्या द्यायच्या. १८ जुलै १८५७ ला मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते असं, स्वतःच्या विद्यार्थ्यांवाचून. १८६२ साली बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पण रानडे घडले एल्फिन्स्टनमध्ये. विद्यापीठानं त्यांना फक्त तपासलं.

इमारतींचा क्रमही हेच सांगतो. आधी १८७४ साली पदवीदानाचं सभागृह उभं राहिलं. मग प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावानं, राजाबाई टॉवर आणि त्याच्या पोटातलं ग्रंथालय १८७८ मध्ये पुरं झालं. ग्रंथालयाच्या रंगीत काचांतून दुपारचं ऊन लांबलचक टेबलांवर उतरतं तेव्हा बोलायचं झालं तरी आवाज आपोआप खाली येतो. इतकं देखणं घर बांधलं, आणि त्यात फळा-खडू नव्हता!

१९०४ च्या कायद्यानं विद्यापीठांना स्वतः शिकवायची मुभा दिली. मुंबईत ती खऱ्या अर्थानं वापरली गेली १९१९ मध्ये, पॅट्रिक गेडिस समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले तेव्हा. हा स्कॉटिश माणूस मुळात जीवशास्त्राचा, पुढं नगररचनाकार झालेला. शहर पायी फिरून वाचायचं असतं, असं तो मानी. त्यांच्यामागून १९२४ मध्ये विभाग सांभाळला मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी. इरावती कर्वे आणि म. न. श्रीनिवास हे त्यांचेच विद्यार्थी. भारतातल्या समाजशास्त्राचा केवढा मोठा भाग या एका विभागातून निघाला! परीक्षा घेऊन असं काही उगवत नाही. त्यासाठी एक शिक्षक, दहा-बारा विद्यार्थी आणि वर्षानुवर्षांची चर्चा लागते.

दुसरा विभाग शहराच्या गरजेतून आला. गिरण्यांच्या मुंबईला कापड रंगवण्याचं रसायनशास्त्र हवं होतं, म्हणून १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू झाला. पुढं तो माटुंग्याला गेला, यूडीसीटी म्हणून नावाजला आणि २००८ मध्ये वेगळा होऊन अभिमत विद्यापीठ बनला. लेक मोठी होऊन स्वतंत्र घर थाटते, तसंच ते झालं.

नंतर कालिन्याला विद्यानगरी या विद्यापीठाच्या संकुलाचा विस्तार झाला, विभाग वाढले. पण संलग्न कॉलेजं त्याहून कितीतरी वेगानं वाढली. त्यामुळे कारभाराचा जीव उत्तरपत्रिकांतच अडकून राहिला. विभागातल्या प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात, त्याची बातमी आतल्या पानावर येते. निकाल लांबला की पहिल्या पानावर. मला हे फार लागतं.

आता मोठमोठी कॉलेजं स्वायत्त होत आहेत, आपापल्या परीक्षा आपणच घेत आहेत. १८५७ साली जे काम विद्यापीठाचं म्हणून ठरलं, तेच हळूहळू कॉलेजांकडे जातं आहे आणि विद्यापीठाच्या हाती उरत आहेत हे विभाग. कालिन्यात भाषांचे विभाग ज्या इमारतीत भरतात तिचं नाव रानडे भवन. विद्यापीठानं ज्यांना कधी शिकवलं नाही, त्या पहिल्या तुकडीतल्या पदवीधराच्या नावाखाली तिथं एम.ए.ला मराठी शिकवतात.