धातूस पंख फुटले

१९४७ सालीं मुंबईच्या टांकसाळींतून निघालेला रुपया ज्यांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं त्याजवळ एखादा लोहचुंबक नेऊन पाहावा. रुपया चटकन् त्यास चिकटतो. बंद्या रुपयाची सवय जडलेल्या पिढीस हें कांहींसें अपमानास्पदच वाटलें असेल! परंतु हा रुपया खोटा नव्हे. तो निव्वळ निकेलचा आहे, आणि निकेल निव्वळ स्वरूपांत हातीं येणें ही सोपी गोष्ट नाहीं.

सॅक्सनीच्या खाणकऱ्यांना एक तांबूस खनिज सांपडे. त्यांतून तांबें मात्र कांहीं केल्या निघत नसे. त्यांनीं हा दोष भुताच्या माथीं मारला, व त्या भुताचेंच नांव पुढें धातूस चिकटलें. १७५१ सालीं स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनीं हा नवा धातु असल्याचें दाखविलें. तरी तांबें, लोखंड, कोबाल्ट व गंधक यांची संगत त्यास सुटेना.

ती सोडविण्याची एक युक्ति सांपडली ती अपघातानें. लुडविग मोंड हे १८३९ सालीं कासेल येथें जन्मलेले, बुन्सेन यांचे शिष्य. इंग्लंडांत विनिंग्टन येथें त्यांचा सोड्याचा मोठा कारखाना होता. अमोनियम क्लोराइडपासून क्लोरिन काढण्याच्या खटपटींत निकेलच्या झडपांवर काजळी धरूं लागली व त्या गळूं लागल्या. वायूंत किंचित् कार्बन मोनॉक्साइड मिसळला होता, हें त्याचें कारण. त्याचा छडा लावण्यासाठीं मोंड यांचे सहायक कार्ल लांगर हे निकेलच्या भुकटीवरून तो वायु सोडीत, आणि विषारी वायु खोलींत पसरूं नये म्हणून नळीच्या तोंडाशीं तो जाळून टाकीत. १८८९ सालीं एकदां उपकरण थंड होऊं लागलें, तों फिकट निळी ज्योत एकाएकीं उजळ झाली. नळी तापवतांच तिच्या आंतल्या अंगास आरशासारखा थर बसला. तो थर निकेलचा होता! जड धातु वायूशीं संयोग पावून वाफेच्या रूपानें संचार करतो, हें तोंवर कोणाच्या स्वप्नींही नव्हतें. मोंड, लांगर व क्विंके यांनीं १८९० सालीं हा शोध प्रसिद्ध केला. मोंड यांनीं धातूंना पंख दिले, असे उद्गार लॉर्ड केल्विन यांनीं काढल्याचें सांगतात.

१९०२ सालीं वेल्समध्यें स्वान्सीजवळ क्लिडाक येथें कारखाना सुरू झाला. कॅनडांतील सडबरीच्या खाणींचें खनिज तेथेंच वितळवून, अर्धें शुद्ध झालेला माल जहाजानें येई. तो भाजावयाचा, गंधकाम्लानें त्यांतील तांबें काढून त्याचा मोरचूद करावयाचा, उरलेल्याची भुकटी करून ५०-६० अंश सेंटिग्रेडला तिच्यावरून कार्बन मोनॉक्साइड सोडावयाचा. निकेल तेवढें वाफ होऊन निघे. तांबें, कोबाल्ट जागच्या जागीं राहत. पुढें सुमारें १८० अंशांच्या मनोऱ्यांत ही वाफ फुटून सतत हलत्या ठेवलेल्या निकेलच्या गोळ्यांवर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर बसत, व सुटलेला वायु पुन्हा कामास लागे. इतकी काटकसर क्वचितच दिसते.

रसायनाच्या पुस्तकांत कथा बहुधा येथें संपते. क्लिडाकची मात्र संपली नाहीं. ही वाफ भयंकर विषारी. कारखाना सुरू झाल्यावर थोडक्याच काळांत कांहीं कामगार तिनें दगावले. १९०७ सालीं आर्मिट यांनीं तिच्या विषाचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि सर्वांचें लक्ष सांधे घट्ट ठेवण्याकडे लागलें. तें योग्यच होतें. पण १९३२ च्या सुमारास कारखान्यांच्या मुख्य निरीक्षकांच्या अहवालांत येथील कामगारांना झालेल्या नाकाच्या कर्करोगाचीं दहा उदाहरणें नमूद झालीं. संशय पुन्हा त्या वाफेवरच गेला! पुढें रिचर्ड डॉल व त्यांचे सहकारी यांनीं जुन्या कामगारांचा माग काढला. १९७० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गणतींत ८४५ जण होते. त्यांपैकीं ११३ फुप्फुसाच्या व ३९ नाकाच्या कर्करोगानें मेले होते. हा धोका विशेषेंकरून १९२५ पूर्वीं कामास लागलेल्यांना भोंवला, आणि त्याचें ठिकाण तें पंखांचें दालन नव्हतें. भाजण्याच्या भट्ट्या व मोरचुदाचें खातें, जेथें धूळ उडे, तेथलीं माणसें त्यांत अधिक होतीं.