ऐनाचं बेळकं

आजोबांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरत, आणि आजोबा बांधावर जाऊन बसत. सोबत ऐनाचं बेळकं, बसल्यावर खांद्याला येईल एवढंच. जड नळी हातावर पेलली की टोक डुलतं, बेळक्यात ठेवली की थांबतं. युक्ती जुनीच. सोळाव्या शतकात युरोपातले बंदूकवाले शिपाई अशीच बेळक्याची काठी बाळगत. तिबेटी शिकाऱ्यांच्या तोड्याच्या बंदुकीला तर दोन पाय जोडलेलेच असत.

एकदा घाईत आजोबांनी बेळक्याविना बार टाकला. डुक्कर जखमी होऊन रानात शिरलं. रात्रभर रक्ताचा माग काढला, पण सापडलं नाही. सकाळी म्हणाले, "पोरा, चुकलेला बार परवडतो, अर्धा लागलेला नाय." पुढं मला शिकवताना बजावत, "बंदुकीचं लाकूड टेकव, नळी नको. नळी टेकली की बार वर जातो."

१९७२ साली वन्यजीव कायदा आला. आजोबांनी बंदूक ठाण्यात जमा केली. बेळकं मात्र घरीच राहिलं. त्यावर आई आता वाळवणाची काठी टेकवते.